मांड

"अजून खाली, समृद्धी. घोडा उंच नाहीये, तट्टू आहे असं समज," घोलप सर म्हणाले, आणि कडेला मातीत बसलेली पोरं खिदळली.

"सर, तट्टूच द्यायचं होतं तर आधी सांगायचं ना," समृद्धी दात आवळून म्हणाली. पोरं आणखीच हसली. समृद्धीच्या मांड्या लटलटत होत्या. घाम हनुवटीवरून थेंबाथेंबानं गळत होता.

शेजारी माझी केतकी होती. ती हसली नाही की हलली नाही.

मैदानात त्या दोघीच उरल्या होत्या. पाय फाकलेले, गुडघे वाकलेले, पाठ ताठ, मुठी कमरेशी. जणू अंगाखाली खरंच एखादं जनावर आहे. कुंग फूत याला हॉर्स स्टान्स म्हणतात, पण सरांनी त्याला आपल्याकडचा शब्द दिला होता, मांड. "मांड!" म्हटलं की बसायचं. "उतरा!" म्हटलं की सुटायचं, आणि सुटलं की सगळ्यांनी बांधावर ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्यांकडे धूम ठोकायची. तिसरा शब्द होता "सलामी". मैदानावर कुणी मोठं माणूस आलं, मुख्याध्यापक म्हणा, सरपंच म्हणा, की ज्याला ते आधी दिसेल त्यानं "सलामी!" ओरडायचं. मग जो जसा असेल त्यानं ताठ उभं राहून, मूठ तळव्यावर आपटून, पोटातून "हा!" करायचं. मांडीत असला तरी. तसं उठलं तर ते हरणं धरत नसत.

आता तो क्लास समाजमंदिरात भरतो, फरशीवर, ट्यूबलाइटखाली. तेव्हा मात्र शाळेच्या मैदानावर भरायचा, आणि मैदानाच्या एका अंगाला ऊस होता.

त्या दिवशी जी शेवटपर्यंत टिकेल ती तालुक्याच्या प्रात्यक्षिकात सगळ्यांच्या पुढे उभी राहणार होती. केतकीला ते हवं होतं. इतकं, की सकाळी ती भाकरीचा तुकडा तोंडात धरून ओट्यापाशी मांड घालून उभी होती, आणि मी "अगं, खाली बसून खा" म्हटलं तर भरल्या तोंडानं म्हणाली, "बसलेलीच आहे." तशी मुलखाची अबोल मुलगी. शाळेत बाईंनी नाव विचारलं तरी खाली बघणारी. पण मांडीत बसली की दगड. इतरांच्या मांड्या थरथरायच्या, हिच्या कधीच नाही. सर सगळ्यांना म्हणायचे, "केतकीकडे बघा. घोडा दमेल, ती दमायची नाही."

मी स्कूटीवर बसून बघत होते. शेजारच्या कट्ट्यावर समृद्धीची आई, वैजूवहिनी, हरभऱ्याचे घाटे सोलून तोंडात टाकत होत्या.

"घ्या की," त्यांनी मूठ पुढे केली.

"नको, वहिनी."

"आज तरी उसाकडं नका बघू हो. पोरींकडं बघा."

त्या हसल्या. मीही हसल्यासारखं केलं.

माझं माहेर पुण्याचं. लग्न करून जुन्नर तालुक्यातल्या या गावात आले तेव्हा बिबट्या मी फक्त सर्पोद्यानात पिंजऱ्यामागे पाहिलेला. इथे तो दुधवाल्याइतका नेहमीचा. कुणाची शेळी गेली, कुणाचं कुत्रं गेलं, बायका भांडी घासता घासता सांगायच्या. एकदा ग्रामसभेत वनरक्षक आले होते. बाकी सगळे चहाची वाट बघत होते, मी ऐकत होते. ते म्हणाले, "उसाच्या कडेला वाकू नका, बसू नका. वाकलेला माणूस त्याला माणूस दिसत नाही, शेळीएवढं काहीतरी दिसतं. आणि समोर आलाच तर पळू नका. ताठ उभे राहा, आवाज करा."

ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं ते बसलंच. त्यानंतर मी एकदा बांधावरच्या खताच्या पोत्याला बिबट्या समजून अख्खी वस्ती गोळा केली. एकदा जर्सीच्या वासराला. एकदा तर वनखात्याची गाडी आली आणि उसातून निघाला तो देशमुखांच्या पाहुण्यांचा कुत्रा. हर्षल, माझा नवरा, म्हणाला, "तू आता त्यांच्याकडे नोकरीलाच लाग." गावानं माझं नाव ठेवलं बिबटेबाई. ते मला चालत होतं. पण क्लासमधली पोरं केतकी आली की म्हणायची, "आली रे आली, बिबटेबाईची पोर!" कुणीतरी मागून गुरगुरायचं. ती जागेवर जाऊन उभी राहायची.

सरांशी मी आधीच बोलले होते. "सर, मांड मैदानाच्या त्या टोकाला घ्या ना. मुलं खाली बसल्यासारखी असतात, उसाच्या इतकी जवळ..."

"वहिनी," सर अदबीनं म्हणाले होते, "आमची पोरं एवढी बोंबलतात की बिबट्याच जुन्नर सोडून जाईल."

आणि आता तर ऊसतोड चालू होती. आजूबाजूचे फड तुटून मोकळे झाले होते. मैदानाला लागून असलेला तो एकच फड उभा होता. तुटलेल्या फडांमध्ये जे काही राहत होतं ते कुठे गेलं असेल, हा विचार मी मनातल्या मनात करायचे. बोलायचं सोडून दिलं होतं.

सरांनी दोघींना पोरांकडे पाठ करून उभं केलं होतं, म्हणजे कुणी वाकुल्या दाखवून हसवायला नको. तोंड उसाकडे. मध्ये बांध, बांधावर रंगीबेरंगी बाटल्यांची रांग, आणि बाटल्यांपाशी शाळेचं कुत्रं, ज्याचं नाव पोरांनी मास्तर ठेवलं होतं. बिस्किटाच्या आशेनं ते रोज तिथंच पसरायचं.

ऊन उतरलं होतं. उसाचे शेंडे अजून पिवळे दिसत होते, बुडाशी मात्र अंधारल्यासारखं झालं होतं.

"समृद्धी, डोळे का मिटलेस?"

"देवाचं नाव घेतेय, सर."

"केतकी, तू?"

तिचे डोळे उघडे होते. मला बाजूनं तिचा गाल दिसत होता, आणि गालावर चिकटलेली बट. ती बट फुंकून बाजूला करावी एवढंही ती करत नव्हती.

"तुमची काय खाते हो ही?" वैजूवहिनी म्हणाल्या. "माझी तर मघाच पडायला पाहिजे होती. नाकासाठी उभीय."

तेवढ्यात मास्तर उठला.

तो भुंकला नाही. आळसही दिला नाही. शेपूट पोटाखाली घेऊन तो बांधावरून खाली उतरला, मैदान ओलांडून सरळ माझ्याकडे आला आणि स्कूटीच्या खाली शिरला. त्याचं अंग माझ्या पायाला लागलं. ते थरथरत होतं.

मी उसाकडे पाहिलं. काही नव्हतं. वाळलेलं पाचट, त्यावर पाचटाच्याच रंगाच्या सावल्या. मी स्वतःला म्हटलं, पोतं असेल. वासरू असेल. शलाका, आज नाही. आज तिचा दिवस आहे.

मग ते पाचट मिटलं आणि उघडलं.

म्हणजे मला तसं वाटलं. बाटल्यांच्या मागे, बुडाशी, दोन ठिपके होते, ते गेले आणि परत आले. केतकीच्या अगदी समोर. केतकीची उंची त्या वेळी एखाद्या शेळीएवढी होती.

माझ्या घशात "बिबट्या" हा शब्द आला आणि मी तो गिळला. तो शब्द मी या गावात वापरून संपवला होता. पोरं एक तर हसली असती, नाही तर पळाली असती, आणि पळणं त्याहून वाईट. सरांना "उतरा म्हणा" सांगावं, तर सगळी पोरं त्या क्षणी बाटल्यांकडे सुटली असती. मातीत बसलेली ती सगळी बारकी बारकी डोकी. माझे पाय स्कूटीवरून खाली उतरले होते, पण पुढे टाकायचं धाडस होत नव्हतं. मी धावले तर तेही धावणंच.

"वहिनी, काय झालं?" वैजूवहिनींनी विचारलं. त्यांचा घाटा सोलायचा थांबला होता.

मी छातीत हवा भरली आणि ओरडले, "सलामी!"

माझा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. पोरं उडाली. सगळीच्या सगळी. मूठ तळव्यावर आपटली, आणि इतका मोठा "हा!" झाला की शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उठली. सरसुद्धा सवयीनं ताठ उभे राहिले. समृद्धी डोळे उघडत धडपडत उठली. केतकी तर त्याआधीच उभी होती. माझा शब्द तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत ती उठली होती, दोन्ही हात वर करून, आणि "हा!" म्हणताना तिचा आवाज सगळ्यांच्या वर गेला होता.

उसात खळबळ झाली. शेंडे हलले, मग त्यामागचे, मग त्याच्याही मागचे, आणि थांबले.

"कोण आलंय?" सर फाटकाकडे बघत होते. फाटकात कुणी नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही ओरडलात?"

"सर, उसात..." मी एवढंच म्हणाले.

पोरांना एवढंच पुरेसं होतं. "बिबट्याला सलामी!" कुणीतरी ओरडलं, आणि मूठ आपटून, उसाकडे तोंड करून, सगळ्यांनी पुन्हा "हा!" केलं. हसून हसून लोळायची वेळ आली. "बसू नका!" मी म्हणाले, "खाली बसू नका रे, बाटल्यांकडे जाऊ नका!" त्यानं ती आणखीच हसली.

सरांनी काठी घेतली, बांधावर गेले, दोन-चार ठिकाणी ऊस झोडपला, आत डोकावले. ते परत आले.

"काही नाही, वहिनी."

"वाऱ्यानं असे एका रांगेत शेंडे हलतात का, सर? आणि तुम्ही जायच्या आधी तो गेला असेल."

"असेल. गेला असेल." ते चिडले नाहीत, तेच मला जास्त लागलं. ते पोरांकडे वळले. "चला, आज हे इथंच संपलं. समृद्धी आणि केतकी, बरोबरी..."

"सर, बरोबरी कशी?" वैजूवहिनी कट्ट्यावरून उतरल्या. "केतकी आधी उठली. सलामी म्हणायच्या आधी. मी बघत होते की इथनं."

"मीपण पाहिलं, सर," एक पोरगं म्हणालं. "मीपण," दुसरं.

सरांनी केतकीला विचारलं, "आधी उठलीस का गं?"

मला वाटलं, ती नाही म्हणेल. तिनं नाही म्हणावं असंच मला वाटत होतं.

"हो, सर," केतकी म्हणाली.

"मग पुढे समृद्धी," सर म्हणाले.

समृद्धी आनंदानं ओरडायला गेली आणि केतकीकडे बघून थांबली. वैजूवहिनी माझ्याजवळ आल्या. "मनावर घेऊ नका, शलाकावहिनी. पण तुमच्या गडबडीनं ती बिचकून उठली, लेकीचं नुकसान तुम्हीच केलंत. जिंकत होती ती."

घरी येताना केतकी मागे बसली होती, पण तिचे हात माझ्या कमरेला नव्हते. तिनं मागची दांडी धरली होती.

"केतू, मला खरंच दिसलं होतं गं."

आरशात ती रस्त्याच्या कडेला बघताना दिसत होती.

"पोतं नव्हतं ते."

"आई, समोर बघ ना. गाडी चालव."

हर्षल यायचा होता. मी खोबरेल कोमट केलं आणि तिला पलंगावर बसवलं. मांडीच्या दिवशी तिचे पाय चोळून द्यायची आमची पद्धत होती. तिच्या पिंढऱ्यांना गोळे आले होते. मी चोळत होते आणि ती भिंतीकडे बघत होती. मी मनात शब्द जुळवत होते, माफी कशी मागावी, आणि कशाची.

"आई," ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "त्यानं डोळे मिटले ना, की तो दिसतच नाही. नुसतं पाचट दिसतं."

माझा हात थांबला.

"एक कान फाटलेला होता. या बाजूचा." तिनं आपल्या डाव्या कानाला बोट लावलं.

मी कानाबद्दल काही बोलले नव्हते. मला कान दिसलेच नव्हते.

"तू कधी पाहिलंस?"

"समृद्धीनं डोळे मिटले, त्याच्या आधी."

"आधी?" मी वाटी खाली ठेवली. "म्हणजे एवढा वेळ तू त्याच्यासमोर... केतू, तशीच बसून राहिलीस?"

"हलले असते तर हरले असते."

"अगं, पण ओरडायचंस! सरांना सांगायचंस! तुला माहीत आहे ना, बसलेल्या माणसाला तो..."

"माहीत आहे. तू रोज सांगतेस."

"मग?"

तिनं बोटानं चादरीची सुरकुती सपाट केली. तेलाची वाटी थंड झाली होती.

"मी ओरडले असते तर सगळे म्हणाले असते, आईवर गेली."

बाहेर कुणाच्या तरी विहिरीवरची मोटार चालू झाली, पाटात पाणी पडायला लागल्याचा आवाज आला. मी तिचा पाय हातात धरून बसले होते. ती म्हणाली, "मी ठरवलं होतं, तो बाटल्यांच्या अलीकडे आला तर ओरडायचं. तो हलला म्हणून मी उठले, तेवढ्यात तूच ओरडलीस."

"उद्या सरांना सांगशील?"

"नको."

"बाकीची मुलं आहेत गं तिथे."

"मग तू सांग. तू तर सांगतेसच."

"माझं कोण ऐकतंय?"

"मग माझं ऐकतील?" तिनं पाय ओढून घेतला. "तू उद्या काही बोलायचं नाहीस. माझी शप्पथ."

मी शपथ घेतली नाही. पण ती तसं धरून चालली.

मी तिला पाठवणार नव्हते. पण दुसऱ्या दिवशी ती गणवेश घालून, पट्टा बांधून दारात उभी होती, आणि तिला मागे ओढायला माझ्याकडे कुठला शब्द उरला होता? मी गाडी काढली. वाटेत ठरवलं, आज सरांनी मांड म्हटलं की मी सरळ मैदानाच्या मध्ये जाऊन उभी राहीन. हसू देत. शपथ मोडू दे.

मास्तर आज बांधावर नव्हता. तो शाळेच्या पायरीवर बसला होता. बाटल्या मात्र रोजच्या जागी होत्या, ऊसही.

पोरांनी रांगा केल्या. मागून कुणीतरी हळूच गुरगुरलं. समृद्धीला सरांनी सगळ्यांच्या पुढे उभं केलं. केतकी दुसऱ्या रांगेत, कडेला, बांधाच्या बाजूला.

"मांड!"

सगळी पोरं एकदम खाली गेली. गवत वाऱ्यानं आडवं व्हावं तशी. मी गाडीवरून उतरले, तोंड उघडलं, आणि थांबले.

केतकी उभी होती.

"केतकी, मांड," सर म्हणाले.

"नाही, सर."

"काय?"

"इथे नाही बसायचं. उसाजवळ." तिचा आवाज इतका बारीक होता की वाकलेली पोरं मान तिरकी करून ऐकायला लागली. मग हसू आलं. आधी एक, मग सगळीकडून. "बिबटेबाई! छोटी बिबटेबाई!"

"शांत!" सर म्हणाले. ते तिच्याजवळ गेले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "आईनं सांगितलंय का असं म्हणायला?"

मी जागच्या जागी उभी राहिले. दातांवर दात दाबून धरले होते.

"नाही," केतकी म्हणाली. "आईला नुसते डोळे दिसले होते. मी सगळा पाहिला. डावा कान फाटलेला आहे. तुम्ही काठी घेऊन गेलात ना, त्या जागेच्या उजव्या बाजूला तो आधी बसला होता."

हसू थांबायला थोडा वेळ लागला. सर उसाकडे बघत होते. पोरं अजून मांडीत होती, कारण "उतरा" कुणी म्हटलं नव्हतं.

मी मात्र केतकीच्या पायांकडे बघत होते. ती ताठ उभी होती, कुणाच्याही हुकमाशिवाय, आणि मांडीत कधीच न हललेल्या तिच्या मांड्या लटलटत होत्या. गुडघ्यावर गुडघा आपटत होता, पट्ट्याची टोकं हलत होती. तरी ती खाली बसली नाही.